घरी सगळे ठणठणीत!

२०२०च्या सप्टेंबरात राज्यभर ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही करोनासाठी घरोघरी तपासणीची मोहीम निघाली आणि आमच्या सोसायटीने ती जबाबदारी ताबडतोब वॉचमनवर ढकलली. एका पथकाने दिवसाला ५० घरे करायची, असा सरकारी हिशेब. आमच्या फाटकावरच पथकातल्या आशाताईंची वीस मिनिटे गेली. ‘परमिशन कुणाची?’ इथपासून ‘तुम्ही स्वतःची टेस्ट केलीय का?’ इथपर्यंत वॉचमनने सगळे विचारून घेतले. सर्वेक्षण आशाताईंचे होते की त्याचे, कळेना.

अखेर ताई आमच्या मजल्यावर पोचल्या. मी दार साखळीपुरते उघडले.

‘घरात माणसं किती?’

‘चार.’ (पाचवे म्हणजे बाबा. ते आतल्या खोलीत उशीत तोंड खुपसून खोकला दाबत होते.)

‘ताप, खोकला?’

‘छे!’

‘शुगर, बीपी?’

‘आमच्या घराण्यातच नाही.’

माझ्या मागे फ्रिजवर गोळ्यांचा डबा होता, सोमवार ते रविवार सात कप्प्यांचा. ताईंनी डब्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि ‘नाही’ लिहिले. सरकारलेखी त्या स्वयंसेविका. पगार नाही, कामागणिक मोबदला. डब्याशी वाद घालायचे पैसे त्यात धरलेले नसावेत. मग मी फटीतून बोट बाहेर काढले, त्यांनी ऑक्सिमीटर लावला. ९७. आमच्या घरची तेवढीच एक खरी नोंद, कारण बोटाला थापा मारता येत नाहीत.

खरे सांगून टाकायला काय जात होते? जिन्याला बांबू आडवे, दारावर फलक, खाली रुग्णवाहिका आणि समोरच्या गॅलरीतून मोबाइलवर चित्रीकरण! खोटे बोलण्याला एवढी बक्षिसे ठेवल्यावर खऱ्याच्या वाटेला कोण जाईल?

रक्ताचे मात्र तसे नसते. त्याच वर्षी जुलैत मुंबईच्या तीन वॉर्डांत, म्हणजे माटुंगा, चेंबूर आणि दहिसर भागांत, रक्ताचे ६९३६ नमुने तपासले. झोपडपट्टीत ५७ टक्के लोकांत करोनाविरोधी प्रतिपिंडे सापडली, इमारतींत १६ टक्के. एका नळावर नि एका संडासावर किती कुटुंबे असतात, हे ठाऊक असलेल्याला या तफावतीचे कोडे पडू नये. आमच्या सेक्रेटरींना तर ते मुळीच पडले नाही. मेन्टेनन्स वेळेवर भरला की विषाणू फाटकातूनच परततो, हे त्यांनी सर्वांना समजावून सांगितले. ‘आणि आपल्याकडे रक्त मागायला आले तर?’ कुणीतरी विचारले. ‘वॉचमन आहे ना!’

ताई खाली उतरत असतानाच सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरींचा मेसेज पडला : ‘सरकारी आकड्यांवर माझा काडीचा विश्वास नाही. सगळी लपवाछपवी!’ धडाधड अंगठे उमटले. मीही एक उमटवला. इतक्यात आतून बाबांची जोरदार ढास आली.

‘बाबा, जरा हळू,’ मी म्हणालो, ‘ताई अजून दुसऱ्या मजल्यावरच आहेत.’