साडूंचं पेडल

आमचे साडू वस्तू घेत नाहीत, वस्तूची चौकशी घेतात. मिक्सरची चौकशी चौदा महिने चालली होती. तेवढे महिने ताई खोबरं पाट्यावर वाटत होत्या. रिटायर झाल्यावर त्यांनी एका ओळखीच्या मुलाकडून जुनी इलेक्ट्रिक गिटार घेतली, लेस पॉलची नक्कल. ती कशी काय चटकन घेतली याचं आम्हाला नवल वाटत होतं. मग कळलं, खरी चौकशी पुढेच होती. साडूंना स्वेलचं पेडल हवं होतं. बजेट तीन हजार, वर एक रुपया नाही.

‘स्वेल म्हणजे काय हो?’ असं मी विचारून बसलो. साडूंना असं काही विचारू नये. ते पूर्णविराम घेत नाहीत. श्वास कधी घेतात हे ताईंनाही अजून नीट कळलेलं नाही. त्यांनी माझ्या कानांवर हेडफोन चढवले आणि जेफ बेकची १९७५ सालची एक संथ रचना लावली. ‘ऐका. तार छेडल्याचा टण् ऐकू येतोय? नाही! सूर नुसता उगवतो, सारंगीवर गज ओढावा तसा.’ खोटं कशाला बोलू, अंगावर काटा आला.

‘हे नुसत्या करंगळीनं करतात,’ साडू म्हणाले. ‘आवाजाचं बटण बंद ठेवून तार छेडायची, मग करंगळीनं बटण हळूच वर.’

‘मग फुकटच की!’

‘स्ट्रॅटोकास्टरवाल्यांना फुकट. त्यांचं बटण करंगळीखालीच असतं. आमचं कुठे आहे बघा,’ असं म्हणून त्यांनी खिशातून शिंप्याची टेप काढली.

पायानं दाबायचं व्हॉल्यूम पेडल सुचवलं, तर अर्नी बॉलच्या पेडलच्या पोटात पुलीवरून दोरी जाते, हे त्यांनी शोधून ठेवलेलं. ‘मला गिटार वाजवायचीय, विहिरीचं पाणी नाही काढायचं.’ शिवाय गुडघा. पाय न हलवता सूर आपोआप उगवणारं पेडल म्हणजे बॉसचं स्लो गिअर. १९७९ साली आलं, १९८२ साली बंदही झालं. हे साडू अशा आवाजात सांगतात, की सोनं दोनशे रुपये तोळा होतं तेव्हाची गोष्ट चाललीय असं वाटावं. आता जुना पीस मिळालाच तर किंमत पाच आकडी. त्याची बेहरिंगरनं काढलेली स्वस्त नक्कल प्लास्टिकची, ‘पायाखाली प्लास्टिक?’ म्हणून नापास. मूरचं पेडल इवलंसं, ‘पायाला चष्मा लावू?’ म्हणून नापास. मध्यंतरी घरीच बनवू म्हणून पासोड्या विठोबापाशी जाऊन कपॅसिटर, ट्रान्झिस्टर आणि सोल्डरिंग आयर्न आणलं. त्यातून निष्पन्न काय झालं, तर डायनिंग टेबलावर रुपयाएवढा काळा डाग. तो आता फळांच्या परडीखाली असतो.

शेवटी हॉस्टेलवर राहणारा एक मुलगा शिक्षण संपवून गावी निघाला होता, त्याच्याकडून तसलीच प्लास्टिकची डबी अठराशेची सोळाशे पन्नासला, अॅडाप्टरसकट, पदरात पडली. रात्री फोन आला. गेलो.

साडूंनी पहिली तार छेडली. टण् नाही. सूर अंधारातून कुणी दिवा घेऊन यावं तसा वाढत आला. साडूंनी डोळे मिटले आणि दुसरा सूर छेडला. टण्. तिसरा, टण्. मग टण्टण्टण्टण्. त्यांनी सेन्सिटिव्हिटी फिरवली, अटॅक फिरवला. ‘पीस बाद आहे! पोरानं गंडवलं!’

डब्यातला घडीचा कागद तोवर मी वाचला होता. पेडलमध्ये एक दारवान बसलेला असतो. सूर आला की तो दार हळूहळू उघडतो, पण दार परत लावतो ते आवाज पार विरल्यावरच. मध्ये शांतता नसेल तर दार सताड उघडं राहतं, आणि मागचे सगळे सूर धडाधड आत घुसतात. पेडल उत्तम होतं. त्याला फक्त साडूंकडून जरा उसंत हवी होती.

‘साडूबुवा, मध्ये जरा थांब...’

‘थांबा, आधी ऐका, मी सांगतो प्रॉब्लेम कुठाय...’

हे चार वेळा झालं. पाचव्या वेळी आतून ताई ओरडल्या, ‘अहो, दूध! माझे हात कणकेत आहेत!’ साडूंनी तारांवर पंजा ठेवला, धावले, गॅस बंद केला, परत येऊन बसले आणि तार छेडली. सूर असा उमलला, की दारात आलेल्या ताईही हात तसेच धरून उभ्या राहिल्या.

‘बघा!’ साडू म्हणाले. ‘जुनं सर्किट आहे, तापायला वेळ लागतो.’ आणि पुन्हा टण्टण्टण्टण्.

मी उठून ताईंच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेलो आणि अजून दूध आहे का विचारलं.