पुरवणी

दुकानदाराने एकच प्रश्न विचारला, "दहावी का?" आणि उत्तराची वाट न बघता डझनभर सराव उत्तरपत्रिका बांधून दिल्या. हुबेहूब बोर्डाच्या वळणाच्या. तोच समास, बैठक क्रमांकाचे तेच चौकोन. सोबत पुरवण्यांचा एक गठ्ठा आणि पांढऱ्या दोऱ्याची गुंडी.

रविवारी बरोबर 11 वाजता लेकीला मराठीच्या पेपरला बसवलं. बोर्डाचा पेपर 11लाच असतो. 80 गुण, तीन तास. (उरलेले 20 अंतर्गत, ते शाळेच्या आणि देवाच्या हातात.) अर्ध्या तासाने डोकावलो, तर मान खाली घालून लिहिणं चाललेलं. ऊर भरून आला. जवळ जाऊन पाहिलं, तर बाईसाहेबांनी बाराही उत्तरपत्रिकांची पहिली पानं भरली होती. बैठक क्रमांक अंकी, अक्षरी, विषय, माध्यम, सही.

"बाबा, सही तीन प्रकारे केलीय. कुठली शोभते?"

आमच्या वेळी पहिल्या पानाचं एवढं कौतुक नव्हतं. सगळी अब्रू पुरवणीत. पेपर सुरू होऊन तास होतो न होतो तोच मागच्या बाकावरून "सर, पुरवणी!" अशी आरोळी यायची आणि वर्गातल्या निम्म्या पोरांच्या पोटात गोळा यायचा. इतिहासाच्या पेपराला मला ते सहन झालं नाही. मूळ उत्तरपत्रिकेची चार पानं कोरी असताना मीही हात वर केला. पुरवणीवर दोन ओळी लिहिल्या आणि शेवटची पाच मिनिटं दोरा ओवण्यात घालवली. बांधून झाल्यावर दिसलं, की पुरवणी उलटी लागलीय. इतिहासात 41 पडले. ते पुरवणीसकट की वगळून, हे अजून कळलेलं नाही.

हा पूर्वेतिहास लपवून मी लेकीला उपदेश सुरू केला. नवा प्रश्न नव्या पानावर. उपप्रश्नाचा क्रमांक प्रश्नपत्रिकेत असेल तसाच टाकायचा, आपल्या मनाचा नाही. चुकलं तर एकच आडवी रेघ मारायची, गिरगटून भोक पाडायचं नाही.

"मग तुम्हीच एक निबंध लिहून दाखवा ना."

बसलो. विषय 'फाटक्या पुस्तकाचे आत्मवृत्त'. बँकेतल्या चलनाव्यतिरिक्त हाताने काही लिहिल्याला किती वर्षं झाली, ते पहिल्या दहा ओळींतच मनगटाने सांगितलं. ओळी उजवीकडे उतरणीला लागल्या. पुस्तक मात्र रंगात आलं होतं, थांबायला तयार नव्हतं. शेवटी राहवेना. तीस वर्षं दाबून ठेवलेला आवाज काढला, "पुरवणी!"

स्वयंपाकघरातून उत्तर आलं, "आधी आतली पानं भरा!"

लेकीने लाल पेन घेतलं. एवढ्या आनंदाने तिने आयुष्यात कुठलं पेन हातात धरलेलं नाही. आठपैकी तीन गुण. शेरे असे: निम्मे पुस्तक समासात गेले आहे. परिच्छेद नाहीत. बैठक क्रमांक लिहिलेला नाही, त्यामुळे हे तीन गुणही कोणाला द्यायचे ते कळत नाही.

पुरवण्यांचा गठ्ठा अजून फोडलेला नाही. दोरा मात्र संपला. चिवड्याच्या पिशव्यांची तोंडं बांधायला तो फार उपयोगी पडतो.