मुखवट्यामागचा शिकारी

अमेरिकेत कावळ्यांच्या शिकारीचा हंगाम वर्षाला जास्तीत जास्त 124 दिवसांचा. केंद्र सरकारचाच नियम आहे. कावळ्यांनीही तो वाचला असावा, इतके ते हंगामात दक्ष असतात. मग शिकारी पानाफुलांच्या छापाचे कपडे घालतो, तोंडावर जाळी ओढतो, प्लास्टिकचं घुबड खांबावर बसवतो आणि यंत्रावर कावकाव लावून झुडपात दबा धरतो. हा सगळा सरंजाम अशा पक्ष्यासाठी, जो सहसा कुणाच्या ताटात पडत नाही!

तोंड झाकणं मात्र शहाणपणाचं. 2006 मध्ये सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात जॉन मार्झलफ यांच्या चमूनं गुहामानवाचा मुखवटा घालून काही कावळे पकडले आणि पायांत कडी अडकवून सोडून दिले. पुढे कित्येक वर्षं तो मुखवटा दिसला की कावळे गिल्ला करत. कधीच पकडले न गेलेलेसुद्धा.

तुलनेसाठी निरुपद्रवी म्हणून निवडलेला चेहरा होता अमेरिकेचे तेव्हाचे उपाध्यक्ष डिक चेनी यांचा. त्याच वर्षी फेब्रुवारीत टेक्सासमध्ये लाव्यांच्या शिकारीत चेनींचे छर्रे चुकून सोबतच्या शिकाऱ्याला लागले होते. कावळ्यांनी चेनींच्या मुखवट्याची फारशी दखल घेतली नाही. बरोबरच आहे, धोका पक्ष्यांना नव्हताच.