यंत्राला मामाचं गाव विचारा

गाडीसाठी वाट दाखवणारं यंत्र घ्यायला गेलात की दुकानदार जळगाव-मुंबई लावून दाखवतो. तो रस्ता डोळे मिटून सापडतो. यंत्राला मामाचं गाव विचारा. पिंप्री, वडगाव, पिंपळगाव, एकाच नावाची किती गावं! बुद्रुक की खुर्द, तालुका कोणता, हे यंत्राला कळलं पाहिजे. पाचोरा तालुक्यातलं पिंपळगाव हरेश्वर मागितलं आणि नाशिककडचं पिंपळगाव बसवंत आलं, तर खोकं तिथंच ठेवून या.

दुसरी परीक्षा नेटची. ‘सॅटेलाइटवर चालतं, नेट लागतच नाही,’ हे अर्धंच खरं. वीस हजार किलोमीटर उंचीवरचे जीपीएसचे उपग्रह फक्त आपली वेळ आणि ठिकाण कळवत असतात. निदान चौघांचे संदेश पकडून यंत्र गाडीची जागा काढतं. त्याला रेंज लागत नाही, पैसाही पडत नाही. पण नकाशा आभाळातून येत नाही, तो यंत्रात आधी भरलेला लागतो. नाहीतर सातपुड्यात, पालच्या जंगलात रेंज गेली की पडद्यावर उरतो नुसता ठिपका, भोवती सगळं कोरं. अख्ख्या महाराष्ट्राचा नकाशा आत आहे का? शिरपूर ओलांडलं की पुढे सेंधवा, म्हणजे मध्य प्रदेशचाही आहे का? नवा नकाशा किती वर्षं फुकट मिळेल? हे तीन प्रश्न रंग आणि किमतीच्या आधी विचारा.

हातात फोन असताना वेगळं यंत्र कशाला, असं कोणी म्हणेल. मे महिन्यात भुसावळला जाऊन बघा. पारा पंचेचाळिशीला टेकलेला, फोन काचेमागे उन्हात, त्यात चार्जिंगला लावलेला. आधी पडदा मंद होतो, मग फोन बंद पडतो. काचेवरची रबरी चकतीसुद्धा सुटते. म्हणून फोन असो की यंत्र, बसवा एसीच्या जाळीजवळ, आणि आवाज मराठीत लावा. 1 ऑक्टोबर 2020 पासूनच्या नियमात चालकाला मोबाइलची मुभा आहे ती फक्त रस्ता बघण्यापुरती, तीही लक्ष न ढळता. गाव टाइप करायचं ते गाडी उभी करून.

गाडी छोटी की ट्रक, हेही यंत्राला सांगता आलं पाहिजे. चाळीसगावच्या पुढे कन्नड घाटात औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशाने ऑगस्ट 2023 मध्ये जड वाहनांना बंदी झाली. कारचा नकाशा लावून निघालेल्या ट्रकवाल्याला हे घाटाच्या तोंडाशी कळून काय उपयोग?

इतकं पारखून घेतलं तरी एक गोष्ट कोणत्याच यंत्रात मिळत नाही. गेल्या श्रावणात पारोळ्याहून आत वळलो. यंत्र म्हणालं, सरळ जा. पुढे नाल्यावर फरशी, तिच्यावरून गढूळ पाणी, आणि कडेच्या दगडांपैकी एकाचंच डोकं वर. गुरं घेऊन उभ्या पोराने हात आडवा केला, ‘फरशीवर पानी शे भाऊ!’ मी गाडी मागे घेतली. यंत्र अजून सांगत होतं, सरळ जा.

यंत्राला आपली गाडी कुठे आहे ते कळतं, पाणी कुठवर चढलंय ते त्या पोराला कळतं. यंत्र जरूर घ्या, पारखून घ्या. पण पावसाळ्यात फरशी आली की गाडी थांबवा, काच खाली करा आणि विचारा.