वीरमरणाचा सराव

डंडी हे स्कॉटलंडमधले नगर मी पाहिलेले नाही आणि या वयात पाहण्याचा योगही संभवत नाही. तथापि माझ्या वीरवृत्तीची, म्हणजे तिच्याविषयी माझा जो समज आहे त्याची, संपूर्ण जबाबदारी त्या नगराच्या माथी मारण्यास प्रत्यवाय नसावा. १९६१च्या जुलैपासून तिथली डी. सी. थॉमसन ही प्रकाशनसंस्था ‘कमांडो’ नावाच्या चित्रकथा काढू लागली. खिशात मावेल असा आकार, आत सारा काळ्या शाईचा कारभार, आणि दर पानावर कोणी ना कोणी जर्मन ‘आख्टुंग’ म्हणून ओरडत असलेला अथवा ‘आर्घ’ म्हणून मरत असलेला. पुण्याच्या लष्कर भागातून हातोहात उतरत या पोथ्या आमच्या पेठेतल्या रद्दीवाल्याकडे येत, आणि तो त्या आम्हांला वाचावयास देई ते काही धर्मादाय म्हणून नव्हे: चार आणे अनामत, एका रात्रीची मुदत, मुदतीबाहेर दंड, पान फाटल्यास अनामत जप्त, आणि या हुकुमावर अपील नाही.

अनामत माझ्या खिशातून जात असल्यामुळे वाड्याच्या फौजेचे सेनापतिपद ओघानेच माझ्याकडे आले. गुणवत्तेचा प्रश्न कोणी उपस्थित केला नाही. निदान माझ्यादेखत केला नाही. स्टंप ही आमची स्टेनगन, आणि झाडावरच काळी पडून वाळलेली सीताफळे हे हातबॉम्ब. पिन दाताने उपसण्याचा अभिनय करताना त्या वाळक्या सालीचा कडवट भुगा जिभेवर येई, तो मी रणांगणाची चव समजून गिळत असे. अडचण एकच, जर्मन व्हावयास कोणी राजी नसे. अखेरीस घरमालकांच्या धाकट्या मुलावर आणि माझ्या सख्ख्या भावावर ही वेठ लादण्यात आली, आणि हौदामागे दडून त्या दोघांनी हिटलरची चाकरी बिनपगारी आणि चड्डी सावरीत इमानेइतबारे बजावली.

परंतु माझे खरे कौशल्य नेतृत्वात नव्हते, मरण्यात होते, आणि या विषयावर मला थोडे सविस्तर बोलू द्यावे, कारण एरवी कोणी बोलू देत नाही. सामान्य पोर गोळी लागली की पडते आणि दहा आकडे मोजून उठते. मी तसा पडत नसे. आधी गोळी लागल्याचे मलाच आश्चर्य वाटे; मग छातीवर हात ठेवून, तो हात पाहून, त्यावर नसलेले रक्त पाहून, मी मंद स्मित करीत असे. त्यानंतर तुळशीवृंदावनाला पाठ टेकून बसण्याचा प्रवेश होई (वृंदावनाचा चुना सदऱ्याला लागला म्हणजे पुढे घरी जो खटला चाले, त्याची तमा वीराने बाळगावयाची नसते), मग सहकाऱ्यांना ‘तुम्ही पुढे व्हा’ अशी आज्ञा, मग आईला निरोप, मग मायभूमीला निरोप, ती भूमी इंग्लंड की हिंदुस्थान हा तपशील मी मुद्दामच मोघम ठेवी, आणि सर्व निरोप आटोपले की मान डावीकडे कलती करणे. उजवीकडे कललेली मान मला कधीही परिणामकारक वाटली नाही. संगीत नाटकांवर पोसलेल्या पेठेने या कलेची कदर करावी, ही अपेक्षा अवाजवी नव्हती. पण हौदामागचे जर्मन कंटाळून चिंचा खात बसत, आणि ‘मर की रे लवकर, दिवेलागण झाली!’ असा आक्रोश माझ्याच पलटणीतून उठे.

असो. सुटीत आजोळी, सातारा जिल्ह्यात, शेजारी एक पेन्शनीत निघालेले हवालदार राहत. त्यांच्या अंगणात मी एकदा माझे सर्वोत्कृष्ट मरण निरोपांसह सादर केले. त्यांनी ते बाजेवर बसून, तंबाखू मळीत, अखेरपर्यंत पाहिले आणि म्हणाले, “ब्येस. पर मरतानी येवढं बोलाया सवड कुठं घावतीया, पोरा?” महायुद्धात ते इटलीत होते असे मामा सांगे, खुद्द त्यांच्याकडून मला एवढेच कळले, की तिकडे चिखल फार आणि खेचरे गुणी.

पुढे प्रौढपणी शौर्यपदकांचे कागद वाचण्यात आले तेव्हा मला राग आला, आणि तो अद्याप पुरता ओसरलेला नाही. त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्यातले, माणगाव तालुक्याचे नाईक यशवंत घाडगे, पाचवी मराठा लाइट इन्फंट्री, १० जुलै १९४४, इटली: तुकडीतले सारे मेले वा जायबंदी झाले असता हा २२ वर्षांचा गडी एकटा मशिनगनवर धावून गेला, हातबॉम्बने ती गप्प केली, एकाला गोळी घातली, आणि मॅगझीन बदलण्यास अवधी नाही असे पाहून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने लोळवले, लगोलग दडलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी तोही पडला. निरोप कोणालाही नाही. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातले शिपाई नामदेव जाधव, त्याच रेजिमेंटचे, ९ एप्रिल १९४५, सेनिओ नदी: दोघा जखमींना एकेक करून पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून सुखरूप आणले, मग शत्रूच्या मशिनगनवर चाल केली, हात जखमी झाला तेव्हा बंदूक टाकून हातबॉम्बांनी आणखी ठाणी मोडली, आणि बांधावर उघडे उभे राहून मराठ्यांची रणगर्जना करीत मागच्यांना पुढे बोलावले. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस. त्या युद्धात हिंदुस्थानी फौज २५ लाखांच्या घरात होती. माझ्या अनामतीवर आलेल्या ढिगात मात्र आमच्या मुलखाचा माणूस नायक झाल्याचे मला स्मरत नाही. डंडीच्या प्रकाशकांना दोष कशाला? ते आपल्या पोरांसाठी आपली माणसे काढीत होते. आमच्याकडे दिवाळीच्या किल्ल्यासाठी मातीचे मावळे टोपल्यांनी विकत मिळत, त्यांत सेनिओवरचा एकही नसे. आणि ज्याला चार गोष्टी विचारावयाच्या तो समोर बाजेवर बसला असता मी त्याला मरून दाखवीत होतो!

परवा जाधवांची हकिकत पुन्हा वाचीत असता, ते बांधावर चढतात त्या ओळीपाशी, मी नकळत आरामखुर्चीतून निम्मा उठलो, हात उंचावला गेला, आणि तोंडून काहीसा आवाजही निघाला असावा, कारण स्वयंपाकघरातून तत्काळ पृच्छा झाली, “अहो, गुडघा धरला का पुन्हा?”

“हो,” मी म्हणालो, आणि मान डावीकडे कलती केली.