बिनपगारी सालदार

महाराष्ट्रातल्या सरकारी कचेऱ्यांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे. पावणेदहा ते सव्वासहा, मध्ये अर्धा तास जेवण. म्हणजे आठवड्याचे ४० तास. ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’, पोरांच्या तोंडी बीजीएमआय, हा गेम मे २०२३ मध्ये बंदीतून सुटून परत आला, तेव्हा सोबत एक शिस्तीचं पत्रकही आलं. अतिखेळ होऊ नये म्हणून मोठ्यांना दिवसाला फक्त सहा तास. गेमला रविवारची सुट्टी नसते, तेव्हा आठवड्याचे झाले ४२. जळगावच्या कलेक्टर कचेरीतला कारकून जितका वेळ खुर्चीत सापडायला हवा, त्याहून दोन तास जास्त खेळा, तरी तुम्ही संयमी. अठरा वर्षांखालच्यांना तीन तास. ती अर्धवेळ नोकरी धरू.

या मर्यादेवर हसून झालं, की खरा प्रश्न विचारावा: खेळाला एवढा वेळ लागतो कशाला? शंभर जण विमानातून उड्या मारतात, एकमेकांना टिपतात आणि साधारण अर्ध्या तासात एक टीम उरते. खेळ एवढाच. उरलेले साडेपाच तास हजेरीचे. रोज लॉगिन केल्याचं बक्षीस, रोजची मिशन, आठवड्याची मिशन, दिवाळीचा इव्हेंट आणि या सगळ्यांच्या डोक्यावर ‘सीझन’. सीझन उलटला की कमावलेली रँक खाली येते, पुन्हा चढा. त्यात ‘रॉयल पास’ची गंमत अशी, की आधी पैसे भरायचे आणि मग त्या पासातले कपडे नि बंदुकीचे रंग मिळवण्यासाठी मुदतीत कामं उरकायची. मुदत टळली की माल गेला. आधी पैसे मोजून मग राबायची ही पद्धत आपण आजवर फक्त काही शिक्षणसंस्थांच्या भरतीत ऐकली होती.

जागतिक घड्याळाच्या मध्यरात्री ज्या गेमचा दिवस बदलतो, त्याची नवी कामं आपल्याकडे पहाटे साडेपाचला उघडतात. त्या वेळेला पोरगं जागं दिसलं म्हणून माय माउलीने हरखून जाऊ नये. ते उठलेलं नाही, झोपायचंच राहिलंय.

ही विद्या अपघाताने सापडलेली नाही. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा २००४ चा गेम तयार होत होता, तेव्हा बनवणाऱ्यांनी भलेपणा करून पाहिला: फार वेळ खेळलात, तर मिळणारे गुण निम्मे. चाचणीतले खेळाडू भडकले. मग तोच हिशेब उलटा लिहिला. निम्म्याला ‘नेहमीचे’ म्हटलं आणि पूर्ण गुणांना ‘विश्रांती घेतल्याबद्दल दुप्पट’. सगळे खूश. माणसाला दंड केला की तो उठून जातो, बक्षीस म्हटलं की बसून राहतो. हे एकदा कळल्यावर भलेपणा मागे पडला, बक्षीस राहिलं.

माणसाचं वर्ष बांधून घ्यायची रीत खानदेशाला नवी नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सालदाराचं साल ठरतं. रक्कम किती, उचल किती, सुट्ट्या किती, सगळं चार माणसांसमोर. पुढच्या आखाजीला हिशेब. पटलं तर पुढचं साल, नाही तर राम राम. रीत काही गोड नव्हती, सालदाराच्या पोटी जन्मलेल्यांना विचारा. तरी तिच्यात मोबदला होता, मुदत होती आणि घोंगडं झटकून निघून जायचा एक दिवस होता. गेमच्या सालदारीत मुदत तेवढी आहे, आणि ती संपली की लगेच नवी लागते. रावेर-यावलकडचे केळीवाले कुरकुरतात की हल्ली सालदार मिळत नाही. मिळेल कुठून? मालकाचीच पोरं बीजीएमआयवाल्या दक्षिण कोरियाच्या क्राफ्टन कंपनीकडे साल धरून बसलीत, तेही उचल न घेता.

त्याच आखाजीला आपल्या गावोगाव पत्त्यांचे डाव पडतात. पोलिसांना ते खपत नाही आणि घरातल्या बाईला तर त्याहून नाही. पण सण सरला की गड्डी उचलून ठेवतात, झोके उतरतात, माहेरवाशिणी सासरी जातात, शेत खरिपाच्या तयारीला हाका मारू लागतं. खेळ संपतो. ऑनलाइन गेम संपून कसं चालेल? कंपनीच्या तक्त्यात ‘रोज किती जण आले’ असा रकाना असतो आणि गुंतवणूकदाराचं बोट त्यावर असतं. किती जणांना मजा आली, हा रकाना अजून कुणी आखलेला नाही.

बरं, पोरांनाच दोष देऊन मोकळं व्हावं, तर तसंही नाही. चार जणांची स्क्वॉड बघा: एक अमळनेरला, एक धुळ्याला, एक पुण्याला कंपनीत, एक सुरतेला लूमवर. शाळेतले जिवलग. यांना एकत्र बसायला ना ओटा उरला, ना पार, ना जळगावच्या गोलाणी मार्केटचा जिना. त्यांचा कट्टा आता मोबाइलमध्ये भरतो आणि सुरतवाल्याची पाळी सुटली की भरतो, म्हणजे रात्री बाराला. अमळनेरवाल्याची माय आतून हाक मारते, “काय करी ऱ्हायना रे? जेवाले ये.” हा म्हणतो, “ई ऱ्हायनू ना माय, दोनच मिनिट.” दोन मिनिटांत येणार नाही हे दोघांनाही माहीत. ऑनलाइन मॅच मध्येच थांबवायची सोय नसते. हा उठला तर बाकीचे तीन मरतात. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये चाळीस-चाळीस जणांना ठरल्या वेळी हजर व्हावं लागे, तिथेही बांधून ठेवणारी गोष्ट हीच. पोराला यंत्र धरून ठेवत नाही, शब्द धरून ठेवतो. दोस्तीची ही भिडस्त गाठ कंपनीने बांधलेली नाही. ती फक्त गाठीचं भाडं घेते.

त्याच रात्री बाप बॅटरी आणि काठी घेऊन केळीला पाणी द्यायला निघतो, कारण शेतीपंपाच्या विजेची पाळी या आठवड्यात रात्रीची आहे. एका घरातले दोघे, दुसऱ्याने लावलेल्या वेळापत्रकावर जागे. बाप निदान वाटभर महावितरणचा उद्धार करत जातो. पोरगा कंपनीला पाच तारे देतो.

सरकारांनी काय केलं म्हणाल, तर बरंच. कोरियाने २०११ मध्ये सोळा वर्षांखालच्यांना मध्यरात्रीपासून सकाळी सहापर्यंत ऑनलाइन गेमची दारं लावली. कायदा मुख्यतः संगणकापुरता, पोरं मोबाइलवर गेली. २०२२ उजाडताच तो रद्द झाला. चीनने ऑगस्ट २०२१ मध्ये अठराखालच्यांना शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुट्टीच्या दिवशी रात्री आठ ते नऊ एवढाच तास दिला. तिथल्या नातवंडांना अचानक आजोबांच्या खात्याची ओढ लागली. आपल्याकडे बीजीएमआयमध्ये अल्पवयीनांसाठी पालकांच्या फोनवर ओटीपी येतो. तो फोन घरात कुणाच्या हातात असतो, हे नियम लिहिणाऱ्याच्या घरी विचारावं.

आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदाच केला. पैसे लावून खेळवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड. ई-स्पोर्ट्सला मात्र मानाचं पान. पैशांचा गल्ला उघडलात तर तुरुंग, रात्रींचा उघडलात तर क्रीडाक्षेत्राची सेवा. पैसा बुडाला की पोलिसात जाता येतं. बारावीचं वर्ष बुडाल्याची फिर्याद कोणत्या कलमाखाली घेतात?

तेव्हा तास मोजायचं सोडा. घड्याळ कंपनीचं, खातं आजोबांचं, ओटीपी मायच्या फोनवर, मोजणार कोण? त्याऐवजी एकच अट घाला. खेळाडू महिनाभर गैरहजर राहिला, तरी त्याचं काही बुडता कामा नये. रँक होती तिथे, पास होता तसा, मिशन होती तितकी. केळी निसवताना या, परीक्षा आटोपून या, बहिणीचं लग्न लावून या. ज्या गेमला ही अट परवडते, तो खेळ. त्याला खुशाल ई-स्पोर्ट्सचे करंडक द्या. ज्याला परवडत नाही, त्याने कामगार आयुक्तांकडे नोंदणी करावी आणि जळगाव-धुळ्याच्या पोरांचा पीएफ मागील फरकासह भरायला घ्यावा.