मूळचे साताऱ्याचे

ती. नानाकाका यांस,


दौलतराव शिंद्यांनी १८१० साली इथं ग्वाल्हेरला तळ ठोकला, त्याचंच लष्कर हे शहर झालं. तळाबरोबर आपले पूर्वज आले, ते तुमच्या मते अजून मुक्कामालाच आहेत. जन्म दौलतगंजातला, नोकरी कंपूवर, भाजी छत्री बाजारातली; पण कुणी गाव विचारलं की तुम्ही म्हणता, "मूळचे साताऱ्याचे." लग्नपत्रिकेत हे शोभतं. कायद्याच्या प्रवेशपरीक्षेच्या, म्हणजे क्लॅटच्या, फॉर्मात नाही.

फॉर्म ऑगस्टपासून भरता येत होता. पण "तारीख वाढते, गेल्या वर्षीही वाढली होती," हे तुमचं ब्रह्मवाक्य. म्हणून ३१ ऑक्टोबर २०२५, रात्री साडेदहा, बाड्याजवळचा सायबर कॅफे. फोटो तिसऱ्यांदा नाकारलेला, माझी पोरगी रडकुंडीला आलेली, आणि तुम्ही मागून काठी टेकत म्हणालात, "राज्य? महाराष्ट्र लिही, बाळ."

तिनं लिहिलं. मध्य प्रदेशचा मूल निवासीचा दाखला फायलीत होता, काका! सगळ्यात वर होता! भोपाळ-जबलपूरच्या विधी विद्यापीठांत इथल्या मुलांसाठी जागा राखीव असतात, त्या त्याच कागदावर. साताऱ्यात आपलं काय आहे हो? एक सातबारा तरी?

तारीख वाढलीच, ७ नोव्हेंबरपर्यंत. ते सात दिवस "मी म्हणालो नव्हतो?" असं गल्लीभर सांगण्यात गेले. फॉर्म एकदा तपासू म्हटलं, तर "बघू."

तयारीसाठी तुम्ही दिलेल्या भारतीय दंड संहितेबद्दल बोलतच नाही. ती १ जुलै २०२४ लाच निवर्तली आणि क्लॅटला कलमं पाठ करावी लागतही नाहीत. पोरगी अकरावीपासून साडेचारशे शब्दांचे उतारे वाचत होती. दोन तासांत १२० प्रश्न, चुकलं की पाव गुण वजा. तिथं ती चुकली नाही. चुकली ती तुमचं ऐकलं तिथं.

तुम्हीही एलएल. बी.चं पहिलं वर्ष झाल्यावर नोकरीला लागलात, हे मला ठाऊक आहे. फीचे चार हजार तुम्हीच पेन्शनमधून दिलेत, रुमालात बांधून. चूक कळली तेव्हा ती एवढंच म्हणाली, "नानाआजोबांना सांगू नका."

मी सांगतोय. पुढच्या ऑगस्टात पैसे पुन्हा तुम्हीच द्या. कॅफेत मात्र येऊ नका.

आपला,
पुतण्या
(मूळचा दौलतगंजचा)